शालवृक्षाचा वैरी : एका भुंगेऱ्याच्या नांवाची कथा

कीटकांना नांवें देणें हा रिकामटेकड्या पंडितांचा उद्योग आहे, असा समज सुशिक्षितांतही पुष्कळ आढळतो. टांचणीला टोचलेला एक मृत भुंगेरा, भिंगांतून त्याच्या शृंगिकांचीं पेरें मोजणारा एखादा संशोधक, आणि अखेर लॅटिन वळणाचे दोन अवघड शब्द. यांतून लोकांचें कोणतें हित साधतें? या प्रश्नाचें उत्तर मध्यप्रांतांतील शालवनांच्या इतिहासानें दिलें आहे, आणि तें श्रोत्यांनीं ऐकून ठेवण्यासारखें आहे.

मंडला-बालाघाटकडे ज्याला सरई म्हणतात, तोच शालवृक्ष. रुळांखालचे स्लीपर, पुलांच्या आणि घरांच्या तुळया यांसाठीं त्याचें लांकूड फार मोलाचें. नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या जुन्या मध्यप्रांताच्या जंगलखात्याची ही वनें म्हणजे मोठीच ठेव होती. या वनांवर इ.स. १९२३ पासून १९२८ पर्यंत एक भयंकर अरिष्ट कोसळलें. उभीं झाडें माथ्यापासून वाळूं लागलीं, बुंध्याशीं लांकडाच्या भुश्शाचे ढीग सांचूं लागले, आणि या कालांत सुमारे ७० लक्ष शालवृक्ष नष्ट झाले. वाळलेलें झाड फोडलें कीं, आंत गाभ्यापर्यंत गेलेलीं भोंकें आणि बोटाएवढी फिकट अळी सांपडे. पण ही अळी कोणाची?

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. लांब शृंगिकांमुळें ज्यांना लंबशृंगी म्हणतां येईल, त्या भुंगेऱ्यांच्या कुलांत आज ३५,००० हून अधिक जाति ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेकांच्या अळ्या लांकूडच खातात, आणि दिसावयास एकमेकींसारख्या असतात. शालाच्या लांकडांतही अशा अनेक जाति राहतात. कांहीं केवळ मेलेल्या लांकडावर निर्वाह करितात. त्यांच्यापासून जिवंत झाडाला भय नाहीं. अशा निरुपद्रवी अळीला अपराधी ठरविलें, तर निष्कारण कुऱ्हाड चालावयाची. आणि खऱ्या अपराध्याला निरुपद्रवी मानलें, तर सारें वन हातचें जावयाचें. ओळख पटविण्यावर असें लाखों झाडांचें जीवित अवलंबून होतें.

सुदैवानें या अपराध्याचें नामकरण फार पूर्वींच झालेलें होतें, आणि तेंही मध्यप्रांतापासून हजारों मैल दूर. ह्यू कमिंग नांवाचा एक इंग्रज संग्राहक १८३६ पासून १८४० पर्यंत फिलिपाइन बेटांत हिंडत होता. त्याचा मुख्य नाद शंखशिंपल्यांचा. पण त्यानें कीटकही पुष्कळ गोळा केले. त्यांतील लंबशृंगी भुंगेऱ्यांची यादी एडवर्ड न्यूमन यानें १८४२ मध्यें प्रसिद्ध केली. त्यांपैकीं एका तपकिरी भुंगेऱ्याच्या शृंगिकांच्या पेरांना कांटे होते, म्हणून त्यानें त्याला ‘स्पिनिकॉर्निस’, म्हणजे कंटकशृंगी, असें नांव दिलें. पुढें १८६४ मध्यें जेम्स थॉमसन यानें या भुंगेऱ्यासाठीं ‘हॉप्लोसेरँबिक्स’ ही स्वतंत्र प्रजाति स्थापिली. ग्रीक भाषेंत ‘हॉप्लॉन’ म्हणजे शस्त्र. तेव्हां सशस्त्र लंबशृंगी असा या नांवाचा भाव होतो.

तिसरी पायरी चार्ल्स गहान याची. ब्रिटिश म्यूझियममधील या विद्वानानें हिंदुस्थान, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथील लंबशृंगी भुंगेऱ्यांचा ग्रंथ १९०६ मध्यें सिद्ध केला. उरोभागाच्या सुरकुत्या, शृंगिकांच्या पेरांचें प्रमाण, कांट्यांची जागा अशा लक्षणांवरून जाति कशी ओळखावी, याचे कोष्टक त्यांत दिलेलें आहे. हा ग्रंथ हातीं असल्यावर, फिलिपाइन बेटांतील भुंगेरा आणि हिंदुस्थानच्या शालवनांतील भुंगेरा एकच, हें ठरविण्यास लंडनला जाण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु हीं सर्व लक्षणें पंख फुटलेल्या भुंगेऱ्याचीं; झाड पोखरते ती अळी. या दोहोंची सांगड घालण्याचें काम १९०६ मध्येंच स्थापन झालेल्या डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत झालें. पोखरलेले ओंडके जाळीच्या पेटींत ठेवावयाचे, आणि त्यांतून कोणता भुंगेरा बाहेर पडतो तें पाहावयाचें, असा हा चिकाटीचा उद्योग. तेथील गार्डनर यानें तर अळ्यांच्याच अंगावरील खुणा तपासून, अळीवरून जाति ओळखण्याचीं साधनें निर्माण केलीं.

ओळख पटतांच अपराध्याची दिनचर्याही उलगडली. पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे झाडांतून बाहेर पडतात. मादी सालीच्या भेगांत अंडीं घालते. अळी आधीं सालीखालीं आणि मग गाभ्यांत शिरते, तेथेंच कोशांत जाते, आणि वर्षानें पुन्हा पावसाळ्यांत नवा भुंगेरा निघतो. निरोगी झाड आपली राळ सोडून कोवळ्या अळ्यांना बुडवून मारतें. पण अळ्यांची संख्या अतोनात वाढली म्हणजे हा बचावही थिटा पडतो. पावसाळ्यांत तोडून टाकलेले ताजे ओंडके तर या भुंगेऱ्याचें सूतिकागृहच.

याच दुर्बलतेवर बीसन या वनकीटकशास्त्रज्ञानें बोट ठेविलें. ताज्या तोडलेल्या शालाच्या रसाचा या भुंगेऱ्याला अनावर मोह असतो. म्हणून पावसाळ्यांत एखादें झाड पाडून त्याचे तुकडे करावयाचे, टोंकांकडील साल ठेंचून ठेवावयाची, आणि रस प्यावयास जमलेले सुस्त भुंगेरे हातानें वेंचून मारावयाचे. एक झाड बळी देऊन अनेक झाडें राखण्याचा हा उपाय ‘सांपळा-वृक्ष’ या नांवानें प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मध्यप्रदेशांत हेंच अरिष्ट पुन्हा ओढवलें आणि सुमारे ३० लक्ष झाडें ग्रासलीं गेलीं, तेव्हांही जंगलखात्यानें व गांवकऱ्यांनीं हाच मार्ग धरिला.

हा सांपळा प्रत्येक पोखरणाऱ्या किड्याला लागू नाहीं. ज्याला हा रस प्रिय, त्यालाच तो लागू. कोणाला कोणता रस प्रिय हें जाति ठरल्यावांचून सांगतां येत नाहीं. कारण एकानें पाहिलेलें दुसऱ्याच्या उपयोगीं पडावें, तर दोघांनींही एकच प्राणी पाहिला आहे याची खात्री लागते. नांव ही खात्री देतें. फिलिपाइन बेटांतील भुंगेरा, मंडल्याच्या झाडांतील अळी आणि डेहराडूनच्या पेटींतून निघालेला कीटक हे तिन्ही एक, हें त्या दोन शब्दांनीं बांधून ठेविलें. न्यूमननें तें नांव दिलें, तेव्हां त्याचा उपयोग कोणी विचारला असता, तर त्याला कांहींच सांगतां आलें नसतें. त्याचें उत्तर पुढें ऐंशी वर्षांनीं मध्यप्रांताच्या वनांत मिळावयाचें होतें.