कॅमेरा कुठे ठेवला आहे? : माध्यमिक शाळेतील माध्यम-अभ्यासाची प्रस्तावना

राज्य मंडळाच्या शाळेत दहावीला शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरात वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन आणि चित्रपट यांवरचे पाठ असतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. 2018 साली बालभारतीने काढलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पाचवा पाठ ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा आहे आणि सहावा ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हा. मराठीच्या पुस्तकात उपयोजित लेखनाखाली बातमीलेखन आणि जाहिरातलेखन येते, ते वेगळेच. म्हणजे या विषयाला अभ्यासक्रमाचे दार उघडे आहे. तरीही अनेक शाळांत हे पाठ परीक्षेच्या तोंडावर, टिपा लिहा आणि संकल्पनाचित्र पूर्ण करा एवढ्यापुरते उरकले जातात. मला मात्र साऱ्या पुस्तकात हेच दोन पाठ मुलांच्या रोजच्या जगण्याला सर्वांत जवळचे वाटतात. ताम्रपटाशी किंवा बखरीशी मुलाची गाठ क्वचित पडते. हलत्या चित्रांशी ती उठल्यापासून झोपेपर्यंत पडत असते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांनी आधी एक शंका मनातून काढून टाकावी. माध्यमांचा अभ्यास हा मोठ्या शहरांतल्या, महागडी यंत्रे असलेल्या शाळांचा विषय आहे, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर तो इतिहासालाच धरून नाही. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यानंतर पन्नासच वर्षांनी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. या पुस्तकाच्या मुळाशी एक बातमी होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली होती. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सरसकट साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे ओढले जात होते. ‘पुणे वैभव’मधला असा मजकूर ताराबाईंनी वाचला आणि लिहिणाऱ्यालाच उलटा प्रश्न केला: जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय?

ताराबाईंच्या पुस्तकाची चर्चा स्त्रीवादी साहित्याच्या अंगाने होते आणि ती व्हायलाच हवी. पण शिक्षकाने हे पुस्तक आणखी एका अंगाने पाहावे, अशी माझी विनंती आहे. छापून आलेला मजकूर कोणी लिहिला, कोणाच्या बाजूने लिहिला, कोणाला त्यात बोलूच दिले नाही, हे बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या ठिकाणी बसलेल्या एका वाचक बाईने ओळखले आणि जाहीरपणे विचारले. आज शिक्षणशास्त्रात ज्याला माध्यम-साक्षरता म्हणतात, तिचे याहून सरस उदाहरण मला मराठीत दुसरे दिसत नाही. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले होते, ते स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा प्रकाशात आणले. आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींना हा वारसा सांगितला, तर हा विषय बाहेरून आलेला आहे असे त्यांना वाटणार नाही.

पाचव्या पाठात माध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन, असा एक भाग आहे. तिथे जर्मनीतल्या ‘स्टर्न’ या साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून विकत घेतलेल्या आणि पुढे बनावट ठरलेल्या रोजनिश्यांचे उदाहरण दिले आहे. उदाहरण चांगले आहे, पण मुलांपासून दूरचे आहे. आपल्या वर्गात त्याच्या जोडीला लोणार ठेवता येईल. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले आणि त्याची छायाचित्रे काही दिवसांत जगभर फिरली. टाळेबंदीचे दिवस होते. माणसांची वर्दळ थांबल्यामुळे असे झाले, काही दैवी संकेत आहे, शेवाळामुळे झाले, अशी नाना कारणे चित्रांच्या पाठोपाठ फिरत राहिली. वनखात्याने पाण्याचे नमुने गोळा केले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष काढला. ते जीव तळाशी बसल्यावर नमुन्यातले पाणी रंगहीन झाले.

या एका घटनेवर दोन-तीन तासिका सहज घेता येतात. एकाच सरोवराची, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उंचीवरून काढलेली छायाचित्रे मुलांसमोर ठेवावीत. फोनमध्ये रंग गडद करता येतो, हे त्यांना करून दाखवावे. मग विचारावे: चित्र खरे असूनही त्याच्याखालची ओळ खोटी असू शकते का? हा प्रश्न नीट समजला, की मुले मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवताना थबकतात. तोच प्रयोग अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीवर, म्हणजे वर्षाची भाकिते सांगण्याच्या तिथल्या प्रथेवर, करता येतो. दरवर्षी तिथे वार्ताहर जमतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस, पीक, राजकारण यांविषयीची भाकिते छापून येतात. तीन वर्तमानपत्रांतले मथळे फळ्यावर लिहावेत. ‘सांगितले’, ‘वर्तवले’, ‘होणार’ या क्रियापदांनी बातमीचा अर्थ किती बदलतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. मागच्या वर्षीचे कात्रण शेजारी लावले, तर चर्चा आपोआप पुढे जाते. श्रद्धेचा अवमान न करता हे सारे करता येते. शिक्षकाने फक्त बातमीवर बोट ठेवावे, गावावर नव्हे.

आता चित्रपटाकडे वळू. चित्रपटाचे तंत्र शिकवायचे म्हणजे क्लोजअप, लाँग शॉट, पॅन, कट अशा शब्दांची यादी पाठ करून घ्यायची, अशी चूक सुरुवातीला होण्याचा संभव असतो. शब्द मागाहून येऊ द्यावेत. आधी अनुभव यावा. त्यासाठी आपल्या जिल्ह्याने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे आपण स्वतःला घाटावरचे आणि घाटाखालचे म्हणवतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाटाच्या माथ्यावरून खाली पाहिले, तर सपाट शेते आणि ठिपक्याएवढी घरे दिसतात. मोताळ्याकडून वर पाहिले, तर तोच घाट वाट अडवून उभ्या असलेल्या भिंतीसारखा भासतो. दोन्ही चित्रे खरी आहेत. कॅमेरा कुठे ठेवला, यावर पाहणाऱ्याच्या मनातले मोठेपण आणि लहानपण ठरते, हे मुलांना त्या दोन फोटोंवरून जितके पटेल, तितके कोणत्याही व्याख्येने पटणार नाही. त्यानंतर वर्गातल्याच एका मुलाचा फोटो एकदा बाकावर उभे राहून आणि एकदा जमिनीवर बसून काढायला सांगावा. लो अँगल आणि हाय अँगल हे शब्द त्यांच्या तोंडी रुळायला वेळ लागत नाही.

दुसरा धडा दादासाहेब फाळके यांच्याकडून घ्यावा. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, हे मुलांना पुस्तकातून कळते. त्याआधी फाळक्यांनी काय केले, हे मात्र सांगायला हवे. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा एका जागी रोखला आणि दिवसांमागून दिवस एकेक चित्र टिपत रोपाची वाढ पडद्यावर आणली. ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवलासाठी लोकांचा विश्वास मिळवला. भारतीय चित्रपटाच्या उगमाशी एक रोप आहे, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मुलांना फार जवळची वाटते.

हा प्रयोग आपल्या शाळेत जसाच्या तसा करता येतो. कुंडीत हरभरा पेरावा, फोन विटांच्या आधाराने एकाच जागी, एकाच उजेडात ठेवावा आणि रोज परिपाठ संपला की एक फोटो घ्यावा. वीस दिवसांचे वीस फोटो सेकंदाला चार या वेगाने दाखवले, तर पाच सेकंदांत अंकुर उगवून वर येतो. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात आणि आपल्याला हालचाल दिसते, हे विज्ञान इथेच समजते. एखाद्या दिवशी कुंडी जराशी सरकली, तर पडद्यावर रोप उडी मारते. ती उडी पाहून मुले इतकी हसतात, की सातत्य म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. 1917 च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारी फिल्मही केली होती. तिचे काही अंश आजही उपलब्ध आहेत. शिक्षकांनी ते जरूर पाहावेत.

संकलनाची ताकद समजावण्यासाठी लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा 1920 च्या आसपासचा प्रयोग उपयोगी पडतो. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडला आणि प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक, तर कधी दुःख दिसले. वर्गातल्या एका मुलीचा शांत चेहरा आधी टिपावा. त्याला एकदा झुणका-भाकरीचे ताट जोडावे, एकदा कोरडी पडलेली विहीर आणि एकदा निकालपत्र. चेहरा तोच राहतो, अर्थ तीनदा बदलतो. हा प्रयोग करून झाल्यावर बातम्यांच्या वाहिनीवर कोणत्या चेहऱ्यापुढे कोणते दृश्य जोडले आहे, याकडे मुले आपण होऊन लक्ष देऊ लागतात.

ध्वनीकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. त्याबाबतही जिल्ह्याकडे सांगण्यासारखे आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या काळात घरोघर पोचली. छापील कविता आधी मोठ्याने वाचावी, मग ते गीत ऐकावे. गाण्याने कवितेत काय वाढले आणि काय मागे पडले, हे मुलांना लिहायला सांगावे. चित्रपटातला एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून आणि मग चित्र झाकून ऐकण्याची सवय याच वाटेने लागते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला (1936) हा प्रयोग फार शोभतो. भजनाची लय पात्रांच्या चालीत कशी उतरली आहे, हे शेगावच्या पालखीसोबत चार पावले चाललेल्या मुलाला लगेच उमगते.

कोणते चित्रपट दाखवावेत, असे शिक्षक विचारतात. माझे मत असे की, पूर्ण चित्रपट वर्षातून एखादा पुरे. बाकी वेळ तीन-चार मिनिटांचे प्रसंग दोनदा, तीनदा पाहण्यात घालवावा. ‘श्वास’ (2004) मधले आजोबा आणि नातू, ‘किल्ला’ मधला पाऊस आणि समुद्र, ‘एलिझाबेथ एकादशी’ मधली सायकल, यांवर चौदा-पंधरा वर्षांची मुले मनापासून बोलतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त राष्ट्रगीत सुरू होताच पाठलाग थांबतो आणि सारे स्तब्ध उभे राहतात. त्या प्रसंगात कॅमेरा कोणाकोणाला दाखवतो, हे नीट मोजावे. शेवटी चित्रपटाचा नायक जब्या याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. तो दगड कोणाला मारला, हा प्रश्न वर्गात विचारायचा असेल, तर शिक्षकाने उत्तरासाठी घाई करू नये. शांतता लांबली तरी चालेल.

इतिहासाच्या शिक्षकांना सिंदखेडराजा हाताशी आहे. लखुजी जाधवांचा राजवाडा मुलांनी पाहिलेला असतो, जिजाऊंच्या जयंतीची, 12 जानेवारीची गर्दीही पाहिलेली असते. जिजाऊंवरच्या मालिकेतला किंवा चित्रपटातला वाडा आणि प्रत्यक्षातले दगडी बांधकाम यांची तुलना त्यांना करू द्यावी. दागिने, दिवे, संवादांची भाषा, पार्श्वसंगीत यांपैकी काय पुराव्यावर आधारलेले आहे आणि काय पटकथाकाराने रचले आहे, हे वेगळे काढताना साधन आणि कल्पना यांतला भेद मुले स्वतः करू लागतात. इतिहास विषयाचे याहून मोठे उद्दिष्ट कोणते असणार?

काही पथ्ये मात्र पाळावीत. कोणाचाही चेहरा टिपण्याआधी त्याची किंवा तिची परवानगी घ्यावी, मुलींच्या बाबतीत पालकांनाही आधी सांगावे आणि वर्गात काढलेले चित्रण वर्गाबाहेर जाऊ देऊ नये. फोन मुलांकडे असलाच पाहिजे, असे नाही. शिक्षकाचा एक फोन पुरतो. वीज नसेल, तर पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून अंगण पाहावे आणि वहीत चौकटी आखून प्रसंग रेखाटावा. चौकटीच्या आत काय घेतले आणि बाहेर काय राहिले, हे ठरवणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. आणखी एक सांगणे आहे. सिनेमाने मुले बिघडतात, या सुरात हा तास सुरू करू नये. ज्याला चित्रपट पाहताना आनंदच होत नाही, तो त्याची चिकित्साही करू शकत नाही.

पुढे वाचू इच्छिणाऱ्यांनी अरुण खोपकर यांचे लेखन हाती घ्यावे. गुरुदत्त यांच्यावरचे त्यांचे पुस्तक आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘चलत्-चित्रव्यूह’ मराठीतून चित्रपट पाहायला शिकवतात. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाचे ‘वास्तव रूपवाणी’ हेही मिळवून वाचण्यासारखे आहे. पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि शहरातच 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. सहल पुण्याकडे निघाली, तर शनिवारवाड्याबरोबर या दोन ठिकाणीही आधी पत्र पाठवून भेटीची परवानगी मागावी.

आणि शिक्षकमित्रांनो, पाचवा आणि सहावा पाठ सहामाही परीक्षेच्या आधीच हाती घ्या, म्हणजे दिवाळीनंतर हरभरा पेरायला आणि त्याचे फोटो घ्यायला वेळ उरेल.