चाकावरची जन्मतारीख

डेट्रॉइट परिसरात राहायचे म्हटले की जुन्या मोटारींचा नाद फार काळ दूर ठेवता येत नाही. १९६० च्या दशकातल्या दमदार अमेरिकन गाड्या हौशी मंडळी आज भरपूर पैसे मोजून घेतात. त्यांत सर्वांत फसवी वस्तू म्हणजे चाक! पाच नट सोडले की ते दुसऱ्या गाडीला लागते; शिवाय हुबेहूब नक्कलही मिळते.

मग अस्सल चाक ओळखावे कसे? मी व्हॉल्व्हच्या भोकाजवळ पोलादात ठोकलेली अक्षरे शोधतो. शेव्हरोलेची रॅली चाके १९६७ साली आली. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटच्या सहा इंच रुंद चाकावर ‘डीसी’, १९६८ च्या सात इंची चाकावर ‘एजी’, तर १९६९ ते १९८२ पर्यंतच्या आठ इंची चाकावर ‘एझेड’ असे.

शेजारच्या ओळीत ‘के’ म्हणजे केल्सी-हेज कंपनी, ‘१’ म्हणजे शेव्हरोले आणि पुढे वर्ष, महिना, दिवस. गंमत अशी, की वर्षाचा शेवटचा आकडाच असतो. ‘एझेड’ चाकावरचा ९ म्हणजे १९६९ की १९७९? तेव्हा एका खुणेवर भिस्त ठेवू नये. चाकाची तारीख गाडीच्या थोडी आधीची हवी; नंतरची असेल तर ते चाक कारखान्यातून त्या गाडीबरोबर निघालेलेच नाही.

म्हणून मंडळी, गंज घासण्यापूर्वी ही अक्षरे वाचून त्यांचा फोटो काढा. रंग पुन्हा देता येतो. घासून गेलेला पुरावा मात्र परत मिळत नाही.