कुऱ्हाड आणि मुद्रांकित कागद : कोलंबियाच्या कॉफीप्रदेशातील काही लहान नगरे

कोलंबियाच्या मध्य पर्वतरांगेतील कॉफीप्रदेशाचा इतिहास बहुधा मानिसालेस, पेरेइरा आणि आर्मेनिया ह्या तीन शहरांच्या आधारे लिहिला जातो. ह्यात सोय आहे, पण एक मोठी उणीवही आहे. मानिसालेसचा जुना गाभा १९२५ व १९२६ च्या आगींत जळाला आणि पुढे काँक्रीटमध्ये नव्याने उभा राहिला. आर्मेनियाची १९९९ च्या जानेवारीतील भूकंपाने दैना केली. वसाहतीच्या पहिल्या शतकाचा डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा आज मानिसालेसच्या उत्तरेस नेइरा, आरान्सासु, सालामिना, पाकोरा, आग्वादास अशा क्रमाने डोंगरधारांवर वसलेल्या लहान गावांतच मुख्यतः शोधावा लागतो. ह्या वाटेने जाणाऱ्या अभ्यासकास प्रथम भेटते ती जमिनीच्या हक्काची कहाणी. कॉफीची कहाणी तिच्यामागून येते.

१८०१ मध्ये स्पॅनिश राजसत्तेने होसे मारिया आरान्सासु ह्यास ह्या डोंगराळ रानाची विस्तीर्ण सनद दिली. रानात त्या वेळी वस्ती जवळजवळ नव्हती. तथापि उत्तरेकडील आंतिओकिया प्रांतातून जमिनीच्या शोधात निघालेली कुटुंबे त्याच सुमारास दक्षिणेकडे सरकू लागली होती. त्यांनी झाडे तोडली, रान जाळले, मका आणि घेवडा पेरला, डुकरे पाळली, आणि १८२५ मध्ये सालामिना वसविले. सनदेचा वारस हुआन दे दिओस आरान्सासु हा साधासुधा जमीनदार नव्हता. १८४१-४२ मध्ये देशाचे अध्यक्षपदही काही काळ त्याने सांभाळले. पुढे हा हक्क 'गोन्सालेस, सालासार आणि कंपनी' ह्या पेढीकडे आला. सालामिनाच्या संस्थापकांपैकी फेर्मिन लोपेस ह्याने सनदेच्या कचाट्यातून सुटण्यासाठी घरदार उचलून आणखी दक्षिणेस प्रयाण केले. १८४४ मध्ये सान्ता रोसा दे काबाल वसले ते त्याच्याच पुढाकाराने. ज्याने गाव वसवावे त्यानेच त्याच्या हद्दीबाहेर पळावे, ही घटना ह्या प्रदेशाच्या इतिहासात बारकाईने पाहण्याजोगी आहे.

मानिसालेस १८४९ मध्ये स्थापन झाले आणि वाद विकोपास गेला. सनदेची दक्षिण सीमा चिंचिना नदी, हे उभय पक्षांस मान्य होते. परंतु चिंचिना म्हणजे नेमकी कोणती नदी, ह्यावर घरे आणि पिके अवलंबून होती. कंपनीचा भागीदार एलिआस गोन्सालेस ह्याचा १८५१ मध्ये खून झाला. १८५३ मध्ये शासन व कंपनी ह्यांच्यात तडजोड होऊन गावांना आणि वसाहतवाल्यांना जमीन मिळाली. त्याच वर्षी वसलेल्या एका गावास मात्र आरान्सासु हे नाव देण्यात आले. ज्यांनी सनदेशी झगडा दिला त्यांच्याच प्रदेशात सनददाराचे नाव असे कायम झाले. ह्यास औदार्य म्हणावे की कंपनीचा अवशिष्ट दरारा, हे ठरविणे सोपे नाही.

अभियंता व अर्थचिंतक आलेहान्द्रो लोपेस ह्याने १९२७ मध्ये ह्या संघर्षाचे वर्णन कुऱ्हाड विरुद्ध मुद्रांकित कागद असे केले आणि ते रूपक तेव्हापासून रूढ झाले. अमेरिकन भूगोलज्ञ जेम्स पार्सन्स ह्याच्या १९४९ च्या ग्रंथाने लहान स्वतंत्र शेतकऱ्यांच्या समाजाचे चित्र जगापुढे ठेवले. कीथ क्रिस्टी ह्याने १९७८ मध्ये त्यास हरकत घेतली : सत्ता आणि उत्तम जमीन मोजक्या घराण्यांकडेच राहिली, असे त्याचे प्रतिपादन. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु पार्सन्सच्या बाजूने अधिक बोलते ती १९३२ ची कॉफीगणना. तीत देशभर सुमारे दीड लाख कॉफीमळे नोंदले गेले आणि त्यांतील बहुसंख्य अगदी लहान होते.

येथे पिकाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. मका पेरणारा एका हंगामानंतर उठून जाऊ शकतो. कॉफीच्या झाडास फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात आणि पुढे ते अनेक वर्षे उत्पन्न देते. उद्या बेदखल होण्याची भीती असलेला माणूस ते लावीत नाही. शिवाय ह्या उतारांवर पिकलेले फळ निवडून हातानेच तोडावे लागते, म्हणून बायकामुलांसह राबणारे कुटुंब मोठ्या मळ्याशी टक्कर देऊ शकले. जमिनीचा हक्क पक्का नसतानाही तोडलेले रान, घर, कुंपण व लागवड ह्यांची स्वतंत्र खरेदीविक्री होत असे. तिला 'मेहोरास', म्हणजे सुधारणा, म्हणत. क्रिस्टीची धनिक घराणी ह्याच व्यवहारांतून गबर झाली असावीत. मग कुऱ्हाड आणि कागद ह्यांच्या मधला हा तिसरा पक्ष, म्हणजे कुऱ्हाडवाल्याचे श्रम विकत घेणारा गावातलाच व्यापारी, लोपेसच्या रूपकात कोठे बसतो?

सालामिनाच्या चौकात तो दिसतो. तळमजला कुटलेल्या मातीच्या जाड भिंतींचा, वरचा मजला ग्वादुआ बांबूच्या सांगाड्यावर माती लिंपलेला. ही पद्धत भूकंपाच्या अनुभवातून आली. पण दरवाजे, सज्जे आणि खिडक्यांच्या चौकटी ह्यांवरील कोरीव लाकूडकाम, विशेषतः एलिसेओ तांगारीफे ह्या कारागिराच्या हातचे, गरजेतून आलेले नव्हे. ते पैसा असलेल्या यजमानाने सांगून करविलेले आहे. चौकापासून उतारावर जसजसे खाली जावे तसतशी घरे बुटकी आणि साधी होतात. समतेच्या चित्राविरुद्ध इतका सरळ पुरावा दप्तरातही क्वचित सापडेल. आग्वादासमध्ये इराका पामच्या तंतूंच्या टोप्या विणणाऱ्या स्त्रियांची मिळकत कुटुंबाच्या हिशेबात किती होती, हा प्रश्न अद्याप नीट विचारलाही गेलेला नाही.

ही गावे जशीच्या तशी राहिली ती कोणाच्या कलाप्रेमामुळे नव्हे. मेदेयिनहून दक्षिणेस जाणारी खेचरांची जुनी वाट त्यांच्यातून जात होती. १९२२ मध्ये मानिसालेसहून मारिकितापर्यंत सुमारे ७२ किलोमीटरांचा हवाई रज्जुमार्ग पुरा झाला आणि कॉफीची पोती माग्दालेना नदीच्या खोऱ्याकडे थेट जाऊ लागली. पुढे रेल्वे आणि मोटाररस्ते आले. व्यापार मानिसालेसकडे वळला, आणि सालामिनातील जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा कोणाच्या हाती उरला नाही. १९८२ मध्ये त्या नगरास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २०११ मध्ये युनेस्कोने ह्या प्रदेशाचे कॉफीसंस्कृतीचे भूदृश्य जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात अठरा नगरकेंद्रांचा समावेश आहे. दक्षिणेकडे किंदिओतील १८७८ मध्ये वसलेल्या फिलांदियात त्यानंतर पर्यटकांची वर्दळ वाढली आणि रंगविलेल्या सज्ज्यांखाली खानावळी थाटल्या गेल्या. सालामिनाकडे वळणारा प्रवासी अजून तुलनेने विरळाच.