होल्डन बेपत्ता झाला तेव्हा : ‘द कॅचर इन द राय’मागचे महायुद्ध

१/
जुलै १९४४. अमेरिकेतील ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकात एक कथा प्रसिद्ध झाली. आघाडीवर जाण्यापूर्वीचे अखेरचे दिवस घरी घालवणारा एक सैनिक आणि त्याला भेटायला आलेला त्याचा मित्र, एवढाच तिचा पसारा. बोलता बोलता तो मित्र सांगतो, की आपला धाकटा भाऊ युद्धात बेपत्ता झाला आहे. त्या भावाचे नाव होल्डन.

२/
‘द कॅचर इन द राय’ वाचलेले वाचक इथे थबकतील. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतला होल्डन कॉलफिल्ड अवघा सोळा वर्षांचा आहे. शाळेतून त्याची हकालपट्टी झाली आहे, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तो एकटा भटकतो आहे, पण तो जिवंत आहे. मग १९४४ सालचा तो बेपत्ता होल्डन कोण? या प्रश्नाचा मागोवा घेतला, की किशोरवयीन बंडाची कथा म्हणून गाजलेली ही कादंबरी वेगळीच दिसू लागते.

३/
आधी लेखकाची ओळख. जे. डी. सॅलिंजर यांचा जन्म १ जानेवारी १९१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील चीज आणि मांस आयात करणारे सुखवस्तू व्यापारी. मुलाचे शिक्षणात लक्ष नव्हते. मॅनहॅटनमधील एका खाजगी शाळेत टिकाव न लागल्याने त्याची रवानगी पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज या लष्करी शिस्तीच्या निवासी शाळेत झाली. होल्डनची शाळाही पेनसिल्व्हेनियातच आहे, हा योगायोग नव्हे.

४/
१९४१ साली सॅलिंजर यांनी होल्डनवर एक कथा लिहिली आणि ‘न्यूयॉर्कर’ने ती स्वीकारली. नाताळच्या सुट्टीत घरी आलेला शाळकरी मुलगा मैत्रिणीला नाटकाला नेतो, तिच्यासोबत बर्फावर स्केटिंग करतो, सगळे सोडून दूर कुठेतरी निघून जाऊ म्हणतो आणि अखेर दारू पिऊन तिला अपरात्री फोन करतो. या होल्डनला शाळेचा कंटाळा आहे, शहराचा वैताग आहे. मात्र त्याच्या आयुष्यात कोणाचाही मृत्यू झालेला नाही.

५/
त्याच वर्षी ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. श्रीमंत घरातल्या मुलाचे हे रुसवेफुगवे त्या वातावरणात छापणे संपादकांना प्रशस्त वाटले नाही. कथा पडून राहिली आणि थेट डिसेंबर १९४६ मध्ये छापली गेली. दरम्यानच्या पाच वर्षांत तिचा लेखक पार बदलून गेला होता.

६/
१९४२ मध्ये सॅलिंजर सैन्यात दाखल झाले. फ्रेंच आणि जर्मन भाषा अवगत असल्याने त्यांची नेमणूक प्रतिहेर विभागात झाली. ६ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीवरील चढाईच्या पहिल्याच दिवशी, ते चौथ्या पायदळ डिव्हिजनसोबत ‘युटा’ किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर शेरबुर्ग, पॅरिसची मुक्तता, हुर्टगेनच्या जंगलातील हिवाळी लढाई आणि बल्जचा रणसंग्राम. होल्डनवरचे लेखन या सगळ्या काळात त्यांच्यासोबत होते.

७/
१९४५ च्या वसंतात डाखाऊ छळछावणीच्या एका उपछावणीतील दृश्य त्यांनी पाहिले. जळलेल्या मांसाचा तो वास कितीही जगलो तरी नाकातून जात नाही, असे ते सांगत, अशी आठवण त्यांच्या मुलीने पुढे नोंदवली. युद्ध संपल्यावर त्याच वर्षी ते न्यूरेम्बर्गच्या रुग्णालयात मानसिक उपचारांसाठी दाखल झाले. आपली मनःस्थिती सतत खिन्न असल्याचे तिथून त्यांनी अर्नेस्ट हेमिंग्वे यांना पत्राने कळवले. अशा अवस्थेला आज आपण ‘पीटीएसडी’ म्हणतो. हे निदान अमेरिकन मानसोपचारशास्त्राच्या अधिकृत सूचीत आले, ते मात्र १९८० साली.

८/
आता तीन होल्डन शेजारी शेजारी ठेवून पाहा.
• १९४१ : वैतागलेला शाळकरी मुलगा.
• १९४४-४५ : युद्धात बेपत्ता झालेला धाकटा भाऊ. त्याच्यासाठी झुरणारा थोरला भाऊ मागे उरला आहे.
• १९५१ : पुन्हा शाळकरी मुलगा. पण आता धाकटा भाऊ दुसराच कोणी आहे, तो मरण पावला आहे आणि मागे उरलेला थोरला भाऊ स्वतः होल्डन आहे.
दहा वर्षांत होल्डन पुन्हा सोळा वर्षांचा झाला, पण परत आला तो शोक घेऊन.

९/
कादंबरीतला मृत भाऊ म्हणजे ॲली. रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा होल्डन तेरा वर्षांचा होता. त्या रात्री त्याने गॅरेजच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा मुठीने फोडल्या. हात जायबंदी होऊन तो रुग्णालयात पडला आणि भावाच्या अंत्यविधीला उपस्थित राहू शकला नाही. ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा तो अजूनही जवळ बाळगतो. त्या मोज्यावर ॲलीने हिरव्या शाईने कविता उतरवून ठेवल्या होत्या. बंडखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या मुलाने तीन वर्षांत आपले दुःख धडपणे कोणाला सांगितलेलेही नाही.

१०/
कादंबरीच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालताना होल्डनला एकाएकी भीती वाटू लागते, की पदपथावरून खाली पाऊल टाकले तर पलीकडे पोहोचण्याआधीच आपण नाहीसे होऊ आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. प्रत्येक चौकात तो मनोमन ॲलीला विनवतो, की मला नाहीसा होऊ देऊ नकोस. सहा-सात वर्षांपूर्वी याच लेखकाने याच मुलाला खरोखर ‘बेपत्ता’ केले होते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ही भीती निव्वळ किशोरवयीन अस्वस्थता वाटणार नाही.

११/
कादंबरीत महायुद्ध जवळजवळ अदृश्य आहे. एका ठिकाणी होल्डन आपला थोरला भाऊ डी. बी. याच्याविषयी सांगतो. तो नॉर्मंडीच्या चढाईत होता आणि रजेवर घरी आला, की बहुतेक वेळ नुसता बिछान्यात पडून राहायचा. एवढ्या ओझरत्या उल्लेखात लेखकाने आपले युद्ध आटोपले आहे. त्यामुळे होल्डन म्हणजे सैनिकाचे रूपक, असे सरळ समीकरण मांडणे घाईचे ठरेल. होल्डन युद्धापूर्वीच जन्मला होता. युद्धाने त्याला जे दिले, ते मागे उरल्याचे ओझे.

१२/
मग वाचकांनी त्याला किशोरवयीन बंडाचा नायक का मानले? त्याचे उत्तर अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात आहे. पूर्वी पंधरा-सोळा वर्षांची बहुसंख्य मुले शेतात वा कारखान्यात राबत. १९३० च्या दशकातील महामंदीत रोजगार आटले आणि मुले हायस्कुलात रेंगाळू लागली. १९३८ च्या कायद्याने बालमजुरीवर कडक मर्यादा घातल्या. १९४४ मध्ये ‘सेव्हन्टीन’ हे खास किशोरींसाठीचे मासिक निघाले. ‘टीनएजर’ हा शब्द रुळला तो याच काळात. बालपण सरलेले, पण कामाधामाचे वय न आलेले, अशी एक अख्खी पिढी प्रथमच निर्माण झाली होती आणि तिला स्वतःचा आवाज हवा होता.

१३/
१६ जुलै १९५१ रोजी कादंबरी आली आणि तो आवाज मिळाला. तरुणांनी ती डोक्यावर घेतली, तर वडीलधाऱ्यांना तिच्यातील शिवराळ भाषेने धक्का बसला. १९६० मध्ये ओक्लाहोमातील टल्सा शहरात ती वर्गात शिकवल्याबद्दल शिक्षकाला नोकरी गमवावी लागली. पुढे त्याला परत घेण्यात आले, पुस्तक मात्र अभ्यासक्रमातून गेले. शिव्या मोजणाऱ्यांना ॲलीचा हातमोजा दिसला नाही.

१४/
मोठे होणे म्हणजे काय, याचे या कादंबरीचे उत्तर शेवटाकडे येते. राईच्या शेतात खेळणारी मुले कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना झेलत राहावे, हे होल्डनचे स्वप्न. अखेरीस त्याची दहा वर्षांची बहीण फीबी फिरत्या लाकडी घोड्यावर बसते. सोनेरी कडी पकडण्यासाठी मुले घोड्यावरून वाकतात, पडण्याची भीती असते. होल्डन तिला अडवत नाही. मुले पडायची तर पडतील, त्यांना हात पुढे करू द्यावा, हे त्याला उमगते. पावसात भिजत तो तिच्याकडे पाहत राहतो. ज्याला आपला भाऊ झेलता आला नाही, त्याने ही समजूत गाठणे सोपे नव्हते.

१५/
मराठी वाचकाला इथे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आठवल्यावाचून राहणार नाही. या दोन कादंबऱ्यांच्या नात्याची चर्चा आपल्या समीक्षेत दीर्घकाळ झाली आहे. खानदेशातील सांगवी गावातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर मॅनहॅटनच्या होल्डनहून सर्वस्वी निराळ्या जगात वाढला. पण त्याच्या परात्मतेच्या गाभ्यातही धाकट्या भावंडाचा मृत्यू आहे. देवीच्या साथीने गेलेल्या मनीची पाने आठवा. ‘सगळेच व्यर्थ’ म्हणणाऱ्या तरुणाचे नेमके काय हरवले आहे, हे दोन्ही कादंबऱ्या हळूहळू उलगडतात.

१६/
सॅलिंजर १९५३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश या गावी जाऊन राहिले. १९६५ नंतर त्यांनी काहीही प्रसिद्ध केले नाही. २७ जानेवारी २०१० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, ते निवर्तले.
कादंबरी पुन्हा हाती घ्याल, तेव्हा तिच्यातील एका तारखेपाशी क्षणभर थांबा : १८ जुलै १९४६. तो ॲलीच्या मृत्यूचा दिवस. आपल्या या सैरभैर कथनात होल्डनने ती तारीख मात्र अचूक लक्षात ठेवली आहे.