राक्षसाच्या गळ्यातला ताईत

अमक्याचा जीव खुर्चीत आहे, तमक्याचा तिजोरीत, असं आपण सहज बोलून जातो. या बोलण्यामागं एक फार जुना राक्षस उभा आहे. त्याचा जीव त्याच्या छातीत नसतो. तो पोपटात असतो, पोपट पिंजऱ्यात, आणि पिंजरा सात समुद्रांपलीकडं. तलवारीनं हा राक्षस मरत नाही. पोपटाची मान मुरगळावी लागते.

ही गोष्ट आपल्या मुलखातून इंग्रजी पुस्तकात कशी गेली, हे सांगण्यासारखं आहे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. सोबत मुलगी मेरी होती आणि मेरीची आया, ॲना लिबेराता डिसूझा. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, पुढं गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेलं. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिनं या दौऱ्यात मेरीला सांगितल्या आणि १८६८ साली त्यांचं 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक झालं. त्यात पंचकिन नावाचा जादूगार आहे. बालना नावाची राणी त्याच्या कैदेत आहे. ती गोड बोलून त्याच्याकडून गुपित काढून घेते: दूर जंगलात ताडांचं रिंगण, मधोमध पाण्यानं भरलेली एकावर एक सहा मडकी, त्यांखाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट. पुढं तिचा मुलगा तो पोपट हस्तगत करतो आणि पंचकिन संपतो. पराक्रम मुलाचा खरा, पण अर्धी लढाई बालनानं नुसत्या प्रश्नांनी जिंकली, असं मला वाटतं.

अलिफ लैलेतल्या सैफुल मुलूकच्या कथेतही असंच घडतं. तिथं जिन्नाचा जीव चिमणीच्या गळ्यातल्या पिशवीत आहे. चिमणी डबीत, डबी सात डब्यांत, त्या सात पेट्यांत आणि सगळं संगमरवरी पेटीत घालून समुद्रात सोडलेलं. हे गुपितही कैदेतली राजकन्याच काढून घेते. रशियातल्या कोश्चेईचा प्राण तर सुईच्या टोकावर आणि सुई अंड्यात. जेम्स फ्रेझर यांनी १८९० सालच्या 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात देशोदेशीच्या अशा कथा एकत्र मांडल्या. त्या पंक्तीत आपला पंचकिनही आहे. इजिप्तमधल्या सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या पपायरसवर बाटा नावाचा तरुण आपलं काळीज झाडाच्या फुलावर ठेवतो. गंमत अशी, की बाटा राक्षस नाही. अन्याय सोसलेला साधा माणूस आहे. जीव लपवून ठेवावा असं भल्या माणसालाही वाटत होतं तर!

आता आजच्या काळात येऊ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं आणि गोष्ट पुढं न्यायची. एका अर्थानं हे आजीचंच काम, फक्त फासे जास्तीचे. या खेळाच्या १९७७ सालच्या राक्षसकोशात बड्या राक्षसांना ताईत दिलेले आहेत. त्यात त्यांचं प्राणतत्त्व सुरक्षित असतं, म्हणून ते जपून लपवायचे. ज्याच्या हाती ताईत लागेल त्याची राक्षसावर सत्ता. शिवाय 'लिच' नावाचा एक मेलेला मांत्रिक आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ प्रेत. त्याला टिकवून धरणाऱ्या वस्तूचं नाव ठेवलं 'फायलॅक्टरी'.

इथं मी थबकतो. फायलॅक्टरी म्हणजे मूळ ग्रीकमध्ये रक्षण करणारी वस्तू. पण इंग्रजीत हा शब्द ज्यू लोकांच्या तेफिलिनसाठी रुळला आहे. तेफिलिन म्हणजे चामड्याच्या छोट्या पेट्या. आत तोरामधली वचनं लिहिलेलं चर्मपत्र. सकाळच्या प्रार्थनेत ज्यू माणूस एक पेटी दंडावर आणि एक कपाळावर बांधतो. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएली याच धर्माचे. ज्या वस्तूला माणूस देवाचं स्मरण म्हणून अंगाशी धरतो, तिचं नाव प्रेताच्या जीवाच्या डबीला मिळालं.

हे मला लागतं, कारण ताईत हा शब्द माझ्या घरचा आहे. अरबी 'तावीज'वरून तो मराठीत आला. मुळात अर्थ आहे आसरा मागणं. लहानपणी आईनं माझ्या दंडावर ताईत बांधला होता. काळ्या दोऱ्यात चांदीची इवलीशी पेटी. मराठीनं तर या शब्दाला इतकं आपलंसं केलं, की लाडका माणूस 'गळ्यातला ताईत' झाला. मग खेळात राक्षसाच्याच गळ्यात तो दिसला की जरा चमत्कारिक वाटतं. खेळ करणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणणार नाही. शब्दकोशात एक भारदस्त शब्द दिसला, तो उचलला, इतकंच असावं. पण शब्द ज्यांचा असतो ते हयात असतात आणि खेळायलाही बसतात. ज्यू खेळाडूंनी या नावाबद्दल नापसंती बोलून दाखवली होती.

२०२५ साली आलेल्या नव्या राक्षसकोशात लिचच्या त्या वस्तूचं नाव बदललं आहे. आता ती 'स्पिरिट जार', म्हणजे आत्म्याची बरणी. मला विचाराल तर मराठीत मी तिला मडकं म्हणेन. ॲनाबाईंच्या गोष्टीत पोपटाच्या पिंजऱ्यावर मडकीच तर रचलेली होती.