खडी फोडणारे हात

आमच्या धर्मग्रामात घरभेटीला निघालो की एका आजीबाईंच्या ओसरीवर आम्ही हमखास रेंगाळतो. वय सत्तरीच्या पुढे. उजव्या भुवईवर पांढरा व्रण. खडी फोडताना उडालेल्या कपचीची ती खूण. "डोळा वाचला, फादर, तेवढं बरं झालं," एवढेच त्या म्हणतात आणि चहा टाकायला उठतात.

1972 साली जालना जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो झाला 1 मे 1981 रोजी. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन हे औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके, तर परतूर परभणीचा. "जालना सोन्याचा पाळणा" ही म्हण बाजारपेठेपुरती खरी असेल. खेड्यातल्या मजुराला त्या पाळण्याची दोरीही कधी हाती लागली नाही. 1970 पासून पाऊस हात आखडता घेत होता. 1972 च्या पावसाळ्यात त्याने पुरतीच पाठ फिरवली. खरीप गेले, रब्बीची पेरणीच झाली नाही, आणि शेतावर राबणाऱ्याची मजुरी गेली.

आजीबाई तेव्हा नवी सून होत्या. घरची बैलजोडी चाऱ्याअभावी मातीमोल भावाने बाजारात गेली. पायातले चांदीचे वाळे सावकाराकडे गहाण पडले. मग सारे कुटुंब दुष्काळी कामावर गेले. आधी खडीकेंद्र, पुढे पाझर तलाव. पुरुषांच्या हाती टिकाव, बायकांच्या डोक्यावर घमेले, तान्ही लेकरे बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. दिवसाकाठी तीन रुपयांच्या आतबाहेर पडत, तेही कामाच्या मापावर. पगार लांबला की दुकानदाराची उधारी आलीच. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सारे 'मिलो' म्हणत. तिची भाकरी थापताना मोडे, तव्यावर उलटताना पुन्हा मोडे. "तुकडे गोळा करून खाल्ले," आजीबाई हसत सांगतात. कामावर सुकडी वाटत. ती त्या पदरात बांधून घरी आंधळ्या सासूसाठी आणीत. कुपोषणावरचा तो आहार मजुराच्या पोटात किती गेला आणि पदरातून किती घरी गेला, याची नोंद कोणत्याही मस्टरवर सापडणार नाही.

मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. फोडलेल्या खडीचे कितीतरी ढीग पुढे रस्त्यांच्या कडेला तसेच पडून राहिले, ही टीका रास्तच होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह वेगळा होता. मागेल त्याला काम द्यावे, आणि ते काम जमिनीला व पाण्याला उपयोगी पडावे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला 1965 मध्ये त्यांनी याचा प्रयोग मांडला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला बळ दिले. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागितलेले काम आता दया न राहता हक्क ठरले. आमच्या मते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेले याहून मोठे काम शोधावे लागेल. संसदेला असा कायदा करायला 2005 साल उजाडले.

पैसा कोठून आला? वाचकहो, तुमच्याही खिशातून! मुंबई-वसईकडे नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये लागू झाला, तो याच योजनेसाठी. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपयांची ती कपात पाहून आम्हीही सेमिनरीत जाण्यापूर्वी घरच्यांची कुरकुर ऐकली आहे; तेव्हा रक्कम अर्थात कितीतरी कमी होती.

हे सारे आजीबाईंना सांगितले, तेव्हा त्या जरा गप्प झाल्या. 2012 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. त्याचीच त्यांना आठवण झाली असावी. "त्या साली हिरीत पानी व्हतं, दाना नव्हता. ह्या टायमाला दाना व्हता, पानी नव्हतं." वाळ्यांचे काय झाले, असे आम्ही विचारले. ते सुटले नाहीत. व्याज मुदलाच्या पुढे गेले होते.

निघताना त्या आमच्याबरोबर पाझर तलावापर्यंत आल्या. पावसाळा नुकताच सरला होता. तळाशी पाणी होते आणि म्हशी डुंबत होत्या. भरावावर काठी टेकवून त्यांनी एका वाकड्या बाभळीकडे बोट दाखवले. "तितून हितवर आमची गँग, फादर. पल्याडचं दुसऱ्या गावचं."