रुळांवरील घोडा : एक कालनिर्णय

आगगाडीपूर्वीं रुळांवर घोड्यांच्या गाड्या चालत, हें विधान इंग्लंडपुरतें निर्विवाद आहे. तेथील कोळशाच्या खाणींतून लांकडी रुळांवरील गाडे सतराव्या शतकापासून घोडे ओढीत. लंडनजवळील वँड्सवर्थ ते क्रॉयडन हा सार्वजनिक लोहमार्ग इ. स. १८०३ त खुला झाला, तोही घोड्यांचाच. ट्रेव्हिथिकचें वाफेचें यंत्र रुळांवर धांवलें तें १८०४ त. आपल्याकडेही क्रम हाच असला पाहिजे, असें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. तें चुकीचें होतें.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील वाटा पाहिल्या म्हणजे चूक ध्यानांत येते. मुरबाडकडून नाणेघाट चढणारी वाट तेथील सातवाहनकालीन शिलालेखाइतकी तरी जुनी. परंतु ती पाठीवरील ओझ्याची वाट, चाकाची नव्हे. शहापुराकडून थळघाटाची वाट नाशकाकडे जाते. बोरीबंदर ते ठाणें हा २१ मैलांचा लोहमार्ग ता. १६ एप्रिल १८५३ (शके १७७५) रोजीं सुरू झाला. तो १८५५ त वासिंदास, १८६१ त कसाऱ्यास पोंचला व १८६५ त घाट चढून इगतपुरीस गेला. म्हणजे लमाणाच्या बैलामागून एकदम वाफच आली. उतारूंसाठीं घोड्याचा रूळ मध्यें पडलाच नाहीं. आणि पडता तरी घाटांत काय उपयोग ? रुळानें घर्षण कमी होतें, चढाचा भार कमी होत नाहीं. आणि थळघाटाचा चढ ३७ स १ आहे.

मुंबईंत घोड्यांची ट्रामगाडी निघाली ता. ९ मे १८७४ रोजीं, म्हणजे आगगाडीनंतर एकवीस वर्षांनीं. ती १९०५ पर्यंत चालली. नाशकास तर १८८९ त शहर व नाशिक रोड स्टेशन यांमध्यें अशी ट्राम सुरू झाली. कसाऱ्यावरून वाफेनें घाट चढलेला यात्रेकरू तेथें उतरून पुन्हां घोड्यांच्या स्वाधीन होई ! सपाटीवर थोड्या अंतरास घोडाच स्वस्त पडे, हें याचें साधें कारण.

संग्राहकांनीं हें लक्षांत घ्यावें. मितीवांचूनच्या एखाद्या मोडी कागदांत रुळांवरील घोड्यांच्या गाडीचा उल्लेख आढळल्यास, घोडा जुना म्हणून कागदही आगगाडीपूर्वींचा, असें अनुमान करूं नये. तो या प्रांतांतील प्रवासाविषयीं असेल तर १८७४ च्या अलीकडचाच धरावा, मग अक्षराचें वळण कितीही पेशवाई दिसो. शहापूर-मुरबाडकडील कोणाच्या दप्तरांत याविरुद्ध पुरावा असल्यास त्याची नक्कल अवश्य पाठवावी; आम्ही आमचें मत बदलूं.